न्यायालय नसण्याची किंमत

राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर जाहीर होणाऱ्या निर्णयांत एक नोंद वरचेवर दिसते. अमुक तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे न्यायालय स्थापन करण्यास मंजुरी. त्यासाठी इतकी नियमित पदे, बाह्ययंत्रणेद्वारे भरायची इतकी पदे आणि इतक्या रुपयांच्या खर्चास मान्यता. तालुक्यात त्या दिवशी पेढे वाटले जातात, अभिनंदनाचे फलक लागतात. मात्र या नोंदीपर्यंत पोहोचायला प्रस्तावाला बहुधा कित्येक वर्षे लागलेली असतात आणि त्या सगळ्या काळात एक प्रश्न त्याची पाठ सोडत नाही: हा खर्च सरकारला परवडणार का?

प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक पैसा हा लोकांचा पैसा आहे आणि नव्या खर्चाला जाब विचारणे हे वित्त विभागाचे कामच आहे. माझी तक्रार हिशेब मांडण्याच्या पद्धतीबद्दल आहे. न्यायालय उघडले तर किती रुपये लागतील, याचा तपशील फाईलमध्ये पैशापर्यंत असतो. न्यायालय उघडले नाही तर किती रुपये लागतात, याला त्या फाईलमध्ये रकानाच नसतो. हा दुसरा खर्च आजही रोज होतो आहे. तो पक्षकाराच्या खिशातून जातो, म्हणून अर्थसंकल्पात दिसत नाही. माझ्या मते नवे न्यायालय हा पूर्णपणे नवा खर्च नसतो. समाज आधीपासूनच भरत असलेल्या खर्चाचा मोठा भाग गरिबाच्या खिशातून काढून सार्वजनिक तिजोरीवर घेण्याचा तो निर्णय असतो. त्या दृष्टीने पाहिले तर ‘परवडते का’ या प्रश्नाचे उत्तर बदलते, आणि न्यायालय कसे उघडावे याचेही.

आधी तिजोरीची बाजू पाहू. दिवाणी न्यायालयांची स्थापना १८६९ च्या दिवाणी न्यायालये अधिनियमाखाली होते. फौजदारी कामासाठी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे न्यायालय पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेखाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली, उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य सरकार स्थापन करते. तालुक्याच्या ठिकाणी या दोन्ही खुर्च्यांवर बहुधा एकच न्यायाधीश बसतात. उच्च न्यायालयाकडून आलेला प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे जातो, तेथून वित्त विभागाकडे, पदनिर्मितीसाठी सचिव समितीकडे आणि शेवटी मंत्रिमंडळापुढे.

खर्च दोन प्रकारचा. एकरकमी खर्चात जागा, इमारत, फर्निचर, संगणक, न्यायाधीशांचे निवासस्थान. इमारत म्हणजे नुसता न्यायकक्ष नव्हे. अभिलेख कक्ष लागतो, मुद्देमाल ठेवायला सुरक्षित खोली लागते, आरोपींसाठी कोठडी, वकिलांसाठी बाररूम, साक्षीदारांना बसायला जागा, स्वच्छतागृहे, लहान मूल घेऊन आलेल्या आईसाठी हिरकणी कक्ष. इमारतींसाठी १९९३-९४ पासून केंद्र पुरस्कृत योजना आहे आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला तिच्यात केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के वाटा असतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी या योजनेला ९,००० कोटी रुपये ठरवले गेले, त्यांत केंद्राचे ५,३५७ कोटी.

दुसरा खर्च दरवर्षीचा. दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगानंतर कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना ७७,८४० रुपये आहे. महागाई भत्ता आणि इतर भत्ते धरले की एका न्यायाधीशावरचा वर्षाचा खर्च पंधरा लाखांच्या पुढे जातो. त्याभोवती सहायक अधीक्षक, लघुलेखक, वरिष्ठ व कनिष्ठ लिपिक, बेलिफ, हवालदार, शिपाई, पहारेकरी, सफाईगार असा दहा-बारा जणांचा संच लागतो. वीज, कागद, टपाल, इंटरनेट, देखभाल धरून अशा एका न्यायालयाचा आवर्ती खर्च ढोबळमानाने वर्षाला एक कोटीच्या आसपास धरायला हरकत नाही. हा माझा अंदाज आहे. ठिकाण आणि पदसंख्येप्रमाणे तो कमी-जास्त होईल, पण पुढच्या विवेचनाला एवढा पुरेसा आहे.

आता ज्या बाजूचा हिशेब होत नाही ती पाहू. बंगळूरच्या ‘दक्ष’ या संस्थेने २०१६ मध्ये देशभरातील पक्षकारांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. दिवाणी पक्षकाराला एका दिवसाच्या सुनावणीला हजर राहण्यासाठी सरासरी ४९७ रुपये खर्च येतो आणि बुडालेल्या कमाईपोटी ८४४ रुपये जातात, असे त्यात आढळले. फौजदारी पक्षकारासाठी हेच आकडे ५४२ आणि ९०२ रुपये होते. दहा वर्षांपूर्वीचे हे आकडे आज वाढलेलेच असतील, तरी जुनेच धरू. दिवाणी पक्षकाराला एक तारीख १,३४१ रुपयांना पडते. समजा, एखाद्या न्यायालयाच्या बोर्डावर रोज साठेक प्रकरणे आहेत आणि त्यांसाठी दोन्ही बाजूंचे पक्षकार आणि साक्षीदार मिळून शंभर माणसे येतात. एका दिवसात त्यांच्या खिशातून १,३४,१०० रुपये जातात. वर्षाला कामाचे २४० दिवस धरले तर सव्वातीन कोटींच्या जवळ. न्यायालय जवळ आल्याने यातला फक्त एक तृतीयांश वाचला, तरी ती रक्कम एक कोटी सात लाख होते.

म्हणजे सरकार ज्या एका कोटीसाठी कचरते, तेवढाच पैसा त्या तालुक्यातले लोक आजही दरवर्षी एसटीच्या तिकिटात, वडापच्या भाड्यात, बुडालेल्या मजुरीत आणि हॉटेलातल्या जेवणात घालवत आहेत. फरक एवढाच की सरकारी खर्च सगळ्या करदात्यांवर विभागला जातो आणि हा खर्च ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यावर पडतो. कर उत्पन्न पाहून आकारता येतो. तारखेचा खर्च मात्र बागायतदाराला आणि त्याच्या शेतावरच्या मजुराला सारखाच येतो. मजुराच्या आठवड्याच्या कमाईशी ताडून पाहिले तर तो फार जड असतो, आणि ही विषमता कोणत्याही विधिमंडळाने ठराव करून लादलेली नाही. ती केवळ अंतरातून तयार झालेली आहे.

अंतराचा भार कोणावर किती पडतो, हे प्रकरणाच्या स्वरूपावरून कळते. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात दोन्ही बाजू वर्षानुवर्षे तारखा झेलू शकतात, कारण शेवटी हाती जमीन येणार असते. पोटगीच्या अर्जाचे तसे नसते. टाकून दिलेली बाई महिन्याला दोन-तीन हजारांसाठी अर्ज करते आणि प्रत्येक तारखेला त्यातले काही शे खर्ची पडणार असतात. सोबत कोणीतरी हवे, म्हणजे दोघांचे भाडे. मूल लहान असेल तर तेही बरोबर. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ सांगतो की अर्जाची पहिली सुनावणी शक्यतो तीन दिवसांत व्हावी आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा. कायदा करणाऱ्यांनी कालमर्यादा ठरवली, पण किलोमीटर ठरवले नाहीत. ज्या बाईला घरातून बाहेर पडायलाच परवानगी घ्यावी लागते, तिला दोन बस बदलून गाठायचे न्यायालय असणे आणि नसणे जवळपास सारखेच.

सरकारलाही अंतराचा आणि विलंबाचा भुर्दंड पडतो, फक्त तो वेगळ्या लेखाशीर्षाखाली जातो. कारागृहातून आरोपीला तारखेला न्यायचे तर पोलिसांची कैदी पार्टी लागते. गाडी, डिझेल आणि तीन-चार पोलिसांचा अख्खा दिवस. साक्षीला बोलावलेला तपास अधिकारी, शवविच्छेदन केलेला ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर, पंचनाम्यावर सही केलेला तलाठी, सगळे पगारी दिवस घालवून येतात, आणि साहेब रजेवर असल्याचे कळल्यावर परत जातात. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे वाढीव रकमेवर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के दराने व्याज द्यायला लावण्याचा अधिकार न्यायप्राधिकरणाला आहे. धरण आणि महामार्गांच्या राज्यात अशी प्रकरणे रेंगाळतात, तेव्हा सरकार स्वतःच्याच कंजुषीवर १५ टक्के व्याज भरत असते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. रोज शंभर माणसे येणाऱ्या तालुक्याला हे गणित लागू पडेल. पण जिथे प्रकरणेच थोडी आहेत, तिथे काय? दरडोई किंवा दरखटला खर्च काढला तर तिथले न्यायालय महागच ठरणार.

रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका अशा प्रश्नाचे नेमके उदाहरण आहे. २०११ च्या जनगणनेत या तालुक्याची लोकसंख्या जेमतेम साठ-बासष्ट हजार होती. डोंगराळ भाग, पांगलेल्या वाड्या, तरुण माणसे मुंबईला. याच तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. केवळ खटल्यांच्या संख्येवर निर्णय घ्यायचा असता, तर पुण्या-ठाण्याजवळच्या एखाद्या तुडुंब भरलेल्या न्यायालयापुढे मंडणगडचा क्रमांक कधी लागला असता? मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचे कारण भावनिक नाही.

प्रलंबित खटल्यांची संख्या हे माप मुळात अपुरे आहे. न्यायालयापर्यंत जे पोहोचले त्यांचीच मोजणी त्यात होते. जो अर्ध्या वाटेतून परतला, ज्याने भावकीच्या दबावाखाली बांध सोडून दिला, जिने पोटगी मागितलीच नाही, ज्याने धनादेश न वटल्याची फिर्याद मुदतीत दाखल केली नाही, त्यांचा आकडा कोणत्याही तक्त्यात नसतो. न्यायालय जितके लांब, तितके खटले कमी. आणि खटले कमी म्हणून न्यायालय जवळ आणायची गरज नाही, असा हा फेरा आहे. नवे न्यायालय उघडल्यावर तिथे प्रकरणे वाढतात, म्हणून लोक भांडखोर होतात असेही कोणी म्हणतात. मला त्या वाढीत दडपलेल्या तक्रारींना वाट मिळालेली दिसते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडचे जुने सांगणे आहे. ते ज्याच्याकडे पाटीलकी, जमीन किंवा माणसे आहेत त्याला परवडते, कारण त्याचा निकाल गावातच लागतो. दुबळ्याला मात्र कोर्टाची पायरी हीच एक जागा असते, जिथे दोघांचा पुकारा एकाच आवाजात होतो.

दुसरे म्हणजे, इतर सार्वजनिक सेवांच्या बाबतीत आपण दुर्गम भागासाठी वेगळे माप केव्हाच मान्य केले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक, आणि डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे एक, असा निकष आहे. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे शिक्षण हक्काच्या नियमांत आहे. दरविद्यार्थी खर्च जास्त येतो म्हणून डोंगरावरच्या वाडीतले मूल शिक्षणाच्या हक्कातून वगळले जात नाही. न्यायाच्या बाबतीत मात्र नागरिकापासून न्यायालय जास्तीत जास्त किती लांब असावे, याचा असा कोणताही बंधनकारक निकष राज्याने स्वतःला घालून घेतलेला नाही. सिरोंच्याहून जिल्हा मुख्यालय गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. मेळघाटातल्या धारणीहून अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर. तालुका न्यायालयाचे अधिकार ठरावीक रकमेच्या दाव्यांपर्यंत आणि ठरावीक शिक्षेच्या गुन्ह्यांपर्यंत असतात. त्यापुढचे काम वरिष्ठ स्तर किंवा सत्र न्यायालयाकडे जाते. मालमत्तेचे भाव वाढले तसे साध्या माणसाचे दावेही तालुक्याच्या मर्यादेबाहेर जाऊ शकतात आणि त्याचे अंतर पुन्हा वाढते.

राज्यघटनेच्या दृष्टीने हा दयेचा विषय नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३९अ सांगते की आर्थिक किंवा इतर कोणत्याही दुर्बलतेमुळे नागरिकाला न्याय नाकारला जाऊ नये. हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की जलद न्याय देण्याच्या जबाबदारीतून पैसा नाही या सबबीवर राज्याला सुटता येणार नाही. आणि २०१६ मध्ये अनिता कुशवाहा प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क अनुच्छेद १४ आणि २१ यांचा भाग मानला आणि त्याचे चार घटक सांगितले: प्रभावी न्याययंत्रणा, अंतराच्या दृष्टीने ती सोयीची असणे, निर्णय वेगाने होणे आणि खर्च आवाक्यात असणे. अंतर हा शब्द घटनापीठाने हक्काच्या व्याख्येत बसवला आहे. त्यानंतरही आपण नवे न्यायालय मागणाऱ्या तालुक्याला केवळ प्रलंबित खटल्यांचा आकडा विचारत असू, तर तो निकाल आपण नीट वाचलेला नाही.

एवढे म्हटल्यावर ‘मागेल त्याला न्यायालय’ असे धोरण मला सुचवायचे असेल, असे कोणाला वाटेल. तसे नाही. खर्चाचा प्रामाणिक विचार केला नाही तर काय होते, याचे दोन मोठे धडे आपल्या समोर आहेत.

पहिला ग्राम न्यायालयांचा. २००८ चा ग्राम न्यायालय कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. पंचायत समितीच्या पातळीवर न्यायाधिकारी बसावा, त्याने गावोगाव फिरून खटले चालवावेत, साध्या पद्धतीने लवकर निकाल द्यावेत, अशी सुंदर कल्पना. पण केंद्राने प्रत्येक ग्राम न्यायालयामागे एकदाच १८ लाख रुपये आणि पहिली तीन वर्षे फार तर वर्षाला ३ लाख २० हजार रुपये देऊ केले. एवढ्या रकमेत न्यायाधिकाऱ्याचा पगारही भागत नाही. कर्मचारी, वाहन, इंधन हे पुढचे. शिवाय कायद्यात ग्राम न्यायालय स्थापन करणे राज्याच्या मर्जीवर सोडलेले. देशभरात हजारोंनी व्हायची ती न्यायालये काही शेकड्यांवर अडकली. खर्च मुद्दाम कमी दाखवून मंजूर केलेली योजना कागदावर स्वस्त असते आणि गावात अस्तित्वातच नसते.

दुसरा धडा जलदगती न्यायालयांचा. अकराव्या वित्त आयोगाने २००० ते २००५ या काळासाठी १,७३४ जलदगती न्यायालयांना ५०२.९० कोटी रुपये दिले. भागाकार केला तर एका न्यायालयाला पाच वर्षांत मिळून साधारण २९ लाख, म्हणजे वर्षाला सहा लाखांहूनही कमी. मुदत वाढवत वाढवत केंद्राचा निधी ३१ मार्च २०११ ला थांबला आणि अनेक राज्यांत ही न्यायालये बंद पडू लागली. नेमलेल्या न्यायाधीशांचे काय, चालू खटल्यांचे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खटल्याचे आयुष्य निधीच्या मुदतीपेक्षा मोठे असते, एवढी साधी गोष्ट हिशेबात धरलेली नव्हती. पुढे तेराव्या वित्त आयोगाने न्यायव्यवस्थेसाठी ५,००० कोटींची तरतूद केली, तिचा मोठा हिस्सा राज्यांना खर्चच करता आला नाही. पैसा होता, तो वापरायला लागणारी माणसे आणि तयारी नव्हती.

या दोन्ही अनुभवांतून एकच निष्कर्ष निघतो. न्यायालयाचा खरा खर्च माणसांचा असतो, आणि आपला राजकीय उत्साह इमारतीभोवती गोळा होतो. इमारतीला कोनशिला असते, फीत असते. भरलेल्या बेलिफच्या पदाला काहीच नसते. पण बेलिफ नसेल तर समन्स बजावले जात नाही, समन्स बजावले नाही की पुढची तारीख पडते. लघुलेखक नसेल तर निकाल टंकलिखित व्हायला उशीर. सहायक सरकारी अभियोक्त्याचे पद गृह विभागाकडच्या अभियोग संचालनालयाचे. न्यायालयाच्या प्रस्तावात त्याचा विचार झाला नसेल तर एकच अभियोक्ता दोन न्यायालयांत धावतो आणि एका ठिकाणी साक्षीदार परत जातो. तालुका विधी सेवा समितीकडे पुरेसे पॅनेल वकील नसतील, तर जवळ आलेल्या न्यायालयाच्या दारात गरीब माणूस वकिलाअभावी उभा राहतो. अपुऱ्या माणसांचे न्यायालय अंतराचा खर्च कमी करते आणि तारखांचा खर्च वाढवते. पक्षकाराच्या पदरात शेवटी काहीच पडत नाही.

म्हणूनच ‘नवी न्यायालये कशाला, आधी रिक्त पदे भरा’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकसंख्येमागे ५० न्यायाधीश असावेत अशी शिफारस केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रमाण पाच वर्षांत गाठायला सांगितले. आज मंजूर पदे दहा लाखांमागे एकवीसच्या आसपास आहेत आणि प्रत्यक्ष काम करणारे न्यायाधीश त्याहून कितीतरी कमी. महाराष्ट्राच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक खटले पडून आहेत. रिक्त पदे भरायलाच हवीत, पण त्यासाठी नवी न्यायालये थांबवणे हा तोडगा नव्हे. शहरातली रिकामी खुर्ची भरल्याने शहरातला बोर्ड हलका होईल, सिरोंच्याचा रस्ता आखूड होणार नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

तंत्रज्ञानाचेही तसेच. ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले आहेत आणि ते योग्यच आहे. कोठडीची मुदतवाढ, डॉक्टरची साक्ष, वकिलाचा युक्तिवाद हे दृकश्राव्य माध्यमातून झाले तर कैदी पार्टीचे डिझेलही वाचते आणि डॉक्टरचा दिवसही. पण बांधाची मोजणी पाहायला जाणारा कोर्ट कमिशनर, ताबा देणारा बेलिफ, उलटतपासात साक्षीदाराच्या चेहऱ्याकडे पाहणारा न्यायाधीश यांना पडदा हा पर्याय नाही. आणि जिच्या हातात स्वतःचा फोनच नाही, तिच्यासाठी तर ती सोय नवऱ्याच्या ताब्यात असते.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: न्यायालयाने आपला खर्च कोर्ट फीमधून भागवावा. महाराष्ट्राने २०१८ पासून कोर्ट फीची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली. दुसरीकडे १९९४ पासून स्त्रियांना पोटगी, मालमत्ता, हिंसाचार, घटस्फोट यांच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. ही माफी योग्य आहे, आणि ती योग्य असेल तर न्यायालयाने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा आग्रह अयोग्य आहे. न्यायाचा फायदा फक्त निकाल जिंकणाऱ्याला होत नाही. करार मोडला तर जवळच्या न्यायालयात जाब द्यावा लागतो हे माहीत असल्यामुळे जे हजारो करार पाळले जातात, त्या व्यवहारांतला कोणीही एक रुपयाही कोर्ट फी भरत नाही. तो लाभ सगळ्यांचा आहे, म्हणून खर्चही सगळ्यांचा. ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ दाखवतो की दिल्लीचा अपवाद सोडला तर कोणतेही राज्य आपल्या एकूण खर्चाच्या एक टक्क्याहून अधिक रक्कम न्यायव्यवस्थेवर खर्च करत नाही. राज्यांच्या तिजोऱ्या न्यायालयांमुळे रिकाम्या होत आहेत, असे म्हणायला जागाच नाही.

मग करायचे काय? मला चार गोष्टी आवश्यक वाटतात. नव्या न्यायालयाच्या प्रत्येक प्रस्तावात दोन्ही बाजूंचा हिशेब असावा: पुढच्या दहा वर्षांचा आवर्ती खर्च, त्यात अभियोक्ता, पोलीस आणि विधी सेवा धरून, आणि समोर पक्षकारांचा व सरकारी यंत्रणांचा वाचणारा खर्च. तो हिशेब लोकांसमोर ठेवावा. दुसरे, राज्याने आरोग्य केंद्रांसारखा अंतराचा निकष ठरवावा आणि आदिवासी, डोंगरी व कोकणातल्या तालुक्यांना तो वेगळा लावावा. प्रलंबित खटल्यांचा आकडा हा त्याच्या जोडीचा निकष राहावा. तिसरे, पदे मंजूर होऊन प्रत्यक्ष भरली जाईपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरवू नये. चौथे, इमारतीसाठी थांबू नये. कोल्हापूरने हे दाखवून दिले आहे. चार दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सहा जिल्ह्यांसाठी सुरू झाले, ते जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत. उच्च न्यायालयाला जुनी वास्तू चालते, तर तालुक्याला तहसील कार्यालयाशेजारची डागडुजी केलेली सरकारी इमारतही चालेल. सुरुवातीला आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बसणारे जोड न्यायालय, तीन वर्षांनी कामाचा आढावा आणि मग पूर्णवेळ न्यायालय, असा क्रम ठेवला तर चुकीच्या जागी पैसा अडकण्याची भीतीही उरत नाही.

या चारही गोष्टींना नवा कायदा लागत नाही. विधी व न्याय विभागाने प्रस्तावाचा नमुना बदलला तरी पहिली गोष्ट उद्यापासून होऊ शकते. ती झाली की पुढच्या तिन्ही आपोआप चर्चेत येतील, कारण वाचणाऱ्या पैशाचा आकडा एकदा कागदावर आला की तो कोणत्या तालुक्यात सर्वांत मोठा आहे हे आमदारांना, वकील संघांना आणि वित्त विभागालाही दिसू लागेल. तालुक्यातल्या लोकांनीही न्यायालय मागताना इमारतीआधी भरलेली पदे मागावीत. खर्च टाळण्याची मुभा आपल्यापैकी कोणालाच नाही. तो कोणी उचलायचा, एवढेच आपल्या हातात आहे. आणि ज्या राज्याने कायद्यासमोर सर्वांना समान मानले आहे, त्याने तो सर्वात कमकुवत पक्षकाराच्या खांद्यावर ठेवणे बंद केले पाहिजे.